बॅटरी दाखवा

दुपारी साडेबारा वाजता आम्ही अंधार पाडायला घेतला.

जागा होती हिंगोलीच्या बाहेरचं एक हळदीचं गोदाम. माल नुकताच उचलला गेला होता, म्हणून मालकाने एका दिवसापुरतं दिलं. आतली लांबी साठ पावलं, खिडक्या अकरा. पत्र्याला भोकं किती आहेत ते खिडक्या झाकल्यावरच कळलं. खिडक्यांना बरॅकीतल्या चादरी लावल्या, दाराला ताडपत्री लावली, भोकांत कापडाचे बोळे कोंबले. तरी एका कोपऱ्यातून उन्हाची तिरीप येतच होती. आमचे डीवायएसपी कुलथे साहेब मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "खिल्लारे, ही रात्र वाटत नाही. फार तर दिवेलागण वाटते."

मी शिडीवर चढून तीही तिरीप बुजवली. साहेबांनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. हात दिसेना, तेव्हा त्यांना रात्र पटली.

रात्री वापरायच्या वस्तूची चाचणी भरदुपारी घ्यायची वेळ का आली, ते सांगतो. वरून आलेल्या पत्रात लिहिलं होतं की चाचणी समितीच्या सर्व सदस्यांसमोर आणि कार्यालयीन वेळेत घ्यावी. कार्यालयीन वेळेत रात्र येत नाही. त्यावर खुलासा मागायचा म्हणजे आणखी एक पत्र, आणि त्याच्या उत्तराला एक महिना. त्यापेक्षा रात्र करणं सोपं, असं आमचं ठरलं.

मी आर्मोरर होतो, म्हणजे पोलिसांच्या हत्यारांचा मिस्त्री. रायफल साफ करणं, स्प्रिंग बदलणं, वाकलेलं सरळ करणं आणि कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, प्रत्येक नग जागेवर आहे ना ते पाहणं, हे माझं काम. आयुष्यभर मी बंदुका हाताळल्या आणि कुणावर एक गोळी झाडली नाही. लोकांना हे सांगितलं की ते जरा नाराज होतात.

हे सगळं सुरू झालं ते एका रोह्यामुळे, म्हणजे नीलगाईच्या नरामुळे. औंढा नागनाथच्या पुढे माळावर आमचा वायरलेसचा टॉवर आहे. तिथे चार जणांची गार्ड असते. त्यात रामधन राठोड नावाचा शिपाई होता, सेनगावकडच्या एका तांड्यावरचा. वय पंचावन्नाच्या पुढे, कामाला चोख, सांगितलेलं अक्षरशः करणारा. त्याचं हे 'अक्षरशः' पुढे महत्त्वाचं आहे.

एका रात्री तो संतरी ड्युटीला असताना तारेच्या कुंपणापाशी काहीतरी खसफसलं. आता नियम असा, की रायफल दोन्ही हातांत धरायची, समोर उजेड टाकायचा आणि "थांब, कोण आहे" असं मोठ्याने विचारायचं. माणसाला हात दोन. राठोडने बॅटरी दातात धरली. मग विचारलं. दातात बॅटरी धरून 'थांब' म्हणता येत नाही, तुम्ही घरी करून पाहा. तो जे काही बोलला ते ऐकून आतले तिघे, त्याला झटका आला असं समजून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. समोर एक थोराड रोही उभा होता. तो या चौघांकडे बघत राहिला, मग सावकाश तुरीत गेला.

पुढे आठ दिवस गार्डवरचे लोक राठोडला चहा मागायचे तेही दातात चमचा धरून. राठोडने मनावर घेतलं. त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारातून शेतासाठी घेतलेली बॅटरी रायफलच्या नळीखाली आवळून बांधली. दोन्ही हात मोकळे, तोंडही मोकळं. त्याच आठवड्यात कुलथे साहेब अचानक तपासणीला गेले आणि त्यांनी ती ट्यूब पाहिली.

दुसऱ्या दिवशी राठोडला नोटीस मिळाली. 'शासकीय शस्त्रात विनापरवानगी फेरफार.'

ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण तसं नव्हतं. हवालदाराच्या बढतीची यादी निघायची होती आणि बऱ्याच वर्षांनी राठोडचं नाव तिच्यात येणार होतं. नोटीस उघडी असेल तर नाव वगळतात. पुढची यादी येईपर्यंत तो निवृत्त होऊन घरी बसलेला असता. त्यातून त्याने एक घोटाळा करून ठेवला होता. नाव येणार असं कुणाकडून तरी ऐकल्याबरोबर त्याने तांड्यावर सांगून टाकलं होतं. लोक त्याला हवालदार म्हणायला लागले होते. सासऱ्याने तर सेनगावहून पाटी रंगवून आणली होती, 'रामधन राठोड, पोलीस हवालदार'. ती पाटी त्याने घरात भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"मिस्त्री साहेब, तांड्यावर जायची सोय ऱ्हायली न्हाई," तो कोतच्या दारात उभा राहून मला म्हणाला. "लेकरं सुदिक हवालदार म्हनून राहिले. मी त्यायला काय सांगू, ट्यूब बांदली म्हनून गेलं?"

मला त्याची दया आली आणि थोडी स्वतःची लाजही वाटली. कारण तीन वर्षांपूर्वी एका गार्डने मला हेच विचारलं होतं, की रायफलला उजेडाचं काही करता येईल का. मी म्हणालो होतो, बघू. आमच्या खात्यात 'बघू' म्हणजे विषय संपला.

साहेबांनी माझा लेखी अभिप्राय मागवला. मी लिहिलं की गरज खरी आहे, पद्धत चुकीची आहे. साहेबांनी मला बोलावून विचारलं, गरज खरी असेल तर योग्य साधन कोणतं? मी म्हणालो, दोन प्रकार आहेत, तपासून सांगावं लागेल. त्यातून समिती झाली. साहेब अध्यक्ष, मी तांत्रिक सदस्य आणि ऑफिसातले शेख बाबू सदस्य सचिव. राठोडच्या नोटिशीवर समितीच्या अहवालानंतर निर्णय, असा शेरा पडला. म्हणजे रायफलवर उजेड लागतो असं आम्ही लिहिलं, तर राठोडने योग्य काम चुकीच्या पद्धतीने केलं, समज देऊन विषय मिटला. नाही लिहिलं तर चौकशी.

आता ते दोन प्रकार. एक म्हणजे खास बंदुकीसाठी बनवलेला लाइट, वेपन लाइट. तो नळीला पक्का बसतो. त्याचं बटन वायरीने पुढे आणलेलं असतं, पकडीच्या हाताखाली. दाबलं की उजेड, सोडलं की अंधार. दुसरा म्हणजे तुमच्याआमच्या घरातला, हातात धरायचा. तो स्वस्त, कुठेही मिळणारा, कुठल्याही कामाला चालणारा. प्रश्न एवढाच होता, की हा दुसरा प्रकार चांगल्या क्लॅम्पने रायफलवर बसवला तर भागेल, की पहिलाच घ्यावा लागेल.

फायलीत दोघांना नावं काय द्यायची यावर शेख बाबू अडले. वरच्या कार्यालयाचा आग्रह, सगळं मराठीत हवं. त्यांनी पहिल्या मसुद्यात वेपन लाइटचं 'हलके शस्त्र' केलं होतं. तो मसुदा तसाच वर गेला. तिकडून उत्तर आलं, आपल्या जवानांना सध्याची शस्त्रे जड का वाटतात याचा खुलासा करावा, तसेच त्यांची शारीरिक क्षमता तपासावी. त्या एका शब्दापायी अख्ख्या मुख्यालयाला पंधरा दिवस सकाळी रायफल डोक्यावर धरून पळावं लागलं. पळताना सगळे शेख बाबूंच्या खिडकीकडे बघायचे.

तेव्हा मीच सुचवलं, सरळ बॅटरी म्हणा. आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. आत घालतात ते सेल. लहान लेकरालाही कळतं. एक 'रायफल बॅटरी' आणि एक 'साधी बॅटरी'.

"बराबर," शेख बाबू म्हणाले. "कुणाला तकलीफ नको."

कुलथे साहेब पुण्याकडचे. सुरुवातीला ते टॉर्च म्हणायचे. बॅटरी म्हटलं की त्यांना मोटारीची वाटायची. पण माणूस हौशी. इकडची बोली शिकायची त्यांनी मनावर घेतलं होतं आणि आठ दिवसांत तेही बॅटरी म्हणायला लागले. मला त्याचं कौतुक वाटलं. ते नाव फायलीत, रजिस्टरमध्ये, डब्यावरच्या चिठ्ठीवर, सगळीकडे मी माझ्या हाताने लिहिलं.

हैदराबादच्या एका विक्रेत्याने नमुन्याचा वेपन लाइट पाठवला. काळाभोर, मुठीएवढा, देखणा. तो आमच्या रायफलला बसेना. हे लाइट ज्या बंदुकांसाठी बनतात त्यांच्या नळीखाली खाचांची एक पट्टी असते. लाइट तिच्यावर सरकवून घट्ट करायचा. आमच्या जुन्या रायफलींना ती पट्टीच नाही. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, लाइट उत्तम आहे, तुम्ही रायफल बदला.

मी औंढ्याच्या पाइपच्या दुकानात गेलो आणि तुषार संचाच्या पाइपला लागतात तसले दोन क्लॅम्प घेतले. घासून, आतून रबर लावून, त्यावर पट्टीचा तुकडा बसवला. काम संपल्यावर लक्षात आलं की मी जे केलं त्यालाही शासकीय शस्त्रात फेरफारच म्हणतात. मी धावत जाऊन साहेबांची 'चाचणीपुरती परवानगी' घेतली. राठोड तिथेच उभा होता. त्याने माझ्या क्लॅम्पकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

पहिली चाचणी चांदमारीवर झाली. चांदमारी म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान. बंदूक झाडली की ती मागे धक्का देते. त्या धक्क्याला उजेड टिकतो का, हे पाहायचं होतं. झाडणारा राठोड, कारण ती रायफल त्याच्या नावावर होती. आधी त्याची जवळा बाजारची बॅटरी क्लॅम्पने बसवली. तिला पाच प्रकारचे उजेड होते. बटन दाबत गेलं की पूर्ण, मग मध्यम, मग मंद, मग भकभक, मग बंद. पहिली गोळी झाडली, पूर्णचा मध्यम झाला. दुसरीला मंद. तिसरीला भकभक. चौथीला बंद. पाचवीला पुन्हा पूर्ण.

कारण साधं आहे. साध्या बॅटरीत सेलच्या एका टोकाला स्प्रिंग असते. धक्का बसला की सेल क्षणभर मागे सरकतो, जोड तुटतो आणि आतल्या यंत्रणेला वाटतं की कुणीतरी बटन दाबलं. बंदुकीच्या लाइटमध्ये सेल दोन्हीकडून आवळलेला असतो, म्हणून तो हलत नाही. त्याने पंधरा गोळ्या निवांत खाल्ल्या.

"म्हणजे शत्रूवर पाच गोळ्या झाडल्यावरच तो आपल्याला नीट दिसणार," साहेब म्हणाले.

राठोडला ते लागलं. तो म्हणाला, "साहेब, पर माजी बॅटरी पान्यात पडून सुदिक चालते. हिरीत पडलती, तवा उजेड खालून येऊन राहिला होता." शेख बाबूंनी तेही नोंदवलं.

तर एक गुण वेपन लाइटला मिळाला आणि दुसरी चाचणी अंधारातली, म्हणून हे गोदाम. गोळ्या झाडायच्या नव्हत्या, फक्त दिसतं किती ते पाहायचं होतं. रायफल रिकामी आहे हे मी कोतमधून निघताना पाहिलं, गाडीतून उतरताना पाहिलं आणि गोदामाच्या दारात राठोडला दाखवून पुन्हा पाहिलं. मॅगझिन माझ्या खिशात होतं. टोकाला एक पोतं उभं करून त्याला खाकी शर्ट घातला होता. तो आमचा संशयित.

आता चूक माझी. मी हळदीच्या गोदामाचा विचार लांबीसाठी केला, हळदीसाठी केला नाही. माल गेला होता, पण फरशीवर बोटभर धूळ राहिली होती. आम्ही चादरी ओढत फिरलो, शिडी सरकवली, खुर्ची मांडली, त्यात ती सगळी हवेत उडाली. डोळ्यांना अंधारात कळलं नाही. नाकाला कळलं, पण चाचणी नाकाची नव्हती.

आधी राठोडने साधी बॅटरी लावली. मंद पिवळट उजेडात पोतं धड दिसत नव्हतं, पण आहे एवढं कळत होतं. मग ती खिशात टाकून त्याने रायफलवरच्या वेपन लाइटचं बटन दाबलं. समोर पिवळीजर्द भिंत उभी राहिली. उजेड जितका जोरदार तितका तो धुळीवर आदळून परत येतो. गाडीचा मोठा लाइट धुक्यात लावला की होतं तेच. आमच्या देखण्या, पंधरा गोळ्या खाल्लेल्या लाइटला साठ पावलांवरचं पोतं दिसलं नाही, पाच पावलांवरचे शेख बाबू दिसले नाहीत. राठोड खूश होऊन म्हणाला, "बगा साहेब, माजीच बरी."

साहेब चिडले. ही रात्र खरी नाही, हा अंधार अशुद्ध आहे, असं काहीसं म्हणाले आणि स्वतः पोत्यापर्यंत जाऊन बघतो म्हणून उठले. राठोडने बटन सोडलं. पुन्हा गुडूप अंधार. चार पावलं गेल्यावर साहेबांना शिंक आली. पहिली साधी होती. दुसरी अशी आली की त्यांचा चष्मा उडाला. फरशीवर टक्क आवाज झाला, मग साहेब गुडघ्यांवर बसल्याचा आवाज झाला, मग हाताने चाचपल्याचा.

आणि मग साहेब आठ दिवसांत शिकलेल्या आमच्या बोलीत म्हणाले, "अरे, बॅटरी दाखवा."

हे वाक्य आमच्या भागात दिवसातून कितीदा ऐकू येतं ते विचारू नका. विहिरीवर, गोठ्यात, मोटारीपाशी. बॅटरी दाखव म्हटलं की कुणीही दुसरा विचार न करता उजेड तिकडे वळवतो. राठोडनेही तेच केलं. त्याच्या हातात त्या वेळी एकच बॅटरी होती. फायलीतही तिचं नाव बॅटरीच होतं.

"व्हय साहेब," तो म्हणाला. टाचा जुळल्याचा आवाज आला, रायफल वळली आणि बटन दाबलं गेलं.

त्या पिवळ्या धुक्यात साहेब दिसले. दोन्ही हात आणि गुडघे फरशीवर, मिश्या पिवळ्या, पापण्या पिवळ्या आणि कपाळाच्या मधोमध उजेडाचा पांढरा गोळा. समोर, दोन हातांवर, रायफलची नळी. साहेबांचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

कुणी हललं नाही. रायफल रिकामी आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मॅगझिन मला खिशात मांडीला लागत होतं. तरी मी खिशावरून हात फिरवून ते पुन्हा चाचपलं. आयुष्यभर मी एकच गोष्ट शिकवत आलो, की ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. आणि माझ्याच समितीत, माझ्याच क्लॅम्पने, माझ्याच शब्दाने ती नळी एका माणसाच्या कपाळावर आली होती.

"राठोड," साहेब अगदी हळू म्हणाले, "ती खाली घ्या."

राठोडने बटन सोडलं नाही, फक्त नळी खाली केली. त्यामुळे चष्मा दिसला. साहेबांच्या डाव्या गुडघ्यापाशी होता.

बाहेर आलो तेव्हा उन्हात आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. हळदीच्या कार्यक्रमातून नवरदेवासकट पळून आल्यासारखे दिसत होतो. मालकाने चहा पाठवला होता. चहा आणणारा कप ठेवून मागे मागे गेला. राठोड मात्र उभा होता, कप हातात न घेता. त्याचा चेहरा हळदीखालूनही पांढरा दिसत होता. एक नोटीस ट्यूबची, आणि आता वरिष्ठ अधिकाऱ्यावर रायफल रोखली. पाटी भिंतीकडे तोंड करून कायमची राहणार, हे त्याला कळलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमीच म्हनले बॅटरी दाखवा."

मला वाटलं, आता बोललो नाही तर मी पुन्हा एकदा 'बघू' म्हटल्यासारखं होईल.

मी म्हणालो, "साहेब, चूक त्याची नाही, माझी आहे. मी इतके दिवस स्प्रिंग बघितली, क्लॅम्प बघितला, उजेड किती लांब जातो ते बघितलं. उजेड कशाला लागतो ते बघितलं नाही. हातातली बॅटरी बघायला असते. रायफलवरची नेम धरायला. दोघींना मी एकच नाव दिलं. आज खाली तुमचा चष्मा होता. उद्या टॉवरवर कुणी म्हणेल, बॅटरी दाखव, कुंपणापाशी कोण आलंय. तिथे पहाटे शेण गोळा करायला आलेली बाई असेल. तिच्याकडे आधी नळी जाईल, मग उजेड."

साहेबांनी चष्मा पुसला. हळद काचेवर आणखी पसरली. ते म्हणाले, "मग दोन्हींपैकी कोणती घ्यायची?"

"दोन्ही," मी म्हणालो. "रायफलवर रायफलची. आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने साधी. बघायचं असेल तर गळ्यातली. रायफलवरची फक्त जिथे गोळी झाडायची वेळ येऊ शकते तिथेच."

हे इतकं सरळ होतं की तीन महिने का लागले असं कुणीही विचारलं असतं. साहेबांनी विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

राहिला राठोडचा प्रश्न. नियमाप्रमाणे चाचणीतला प्रत्येक प्रकार अहवालात यायला हवा. शेख बाबू दुसऱ्या दिवशी मसुदा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी तिथेच होतो. त्यांनी गंभीरपणे वाचून दाखवलं: 'मा. अध्यक्ष हे शिंकेमुळे पडलेला चष्मा शोधण्याकामी फरशीवर हातापायांवर असताना त्यांनी तोंडी आदेश दिला की बॅटरी दाखवा. सदर कर्मचाऱ्याने आदेशाचे तंतोतंत पालन केले.'

साहेबांनी विचारलं, मधला भाग गाळता येईल का? शेख बाबू म्हणाले, येईल साब, पण मग रायफल तुमच्याकडे काहून वळली त्याचं कारण द्यावं लागेल, आणि कारण तेच आहे. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जवान पळत होते, आता रायफलीशिवाय. मग त्यांनी पूर्ण परिच्छेदावर रेघ मारली. तो प्रसंग घडलाच नाही असं ठरलं आणि न घडलेल्या प्रसंगाबद्दल कुणावर कारवाई करता येत नाही. ट्यूबच्या नोटिशीवर त्यांनी लिहिलं, 'गरज सिद्ध. पद्धतीबाबत तोंडी समज दिली. प्रकरण बंद.' समज त्यांनी खरोखर दिली. राठोडला बोलावून म्हणाले की पुन्हा ट्यूब बांधायची नाही. राठोड म्हणाला, व्हय साहेब. तेवढंच.

मग नावाचा प्रश्न. रायफलवरच्या वस्तूला बॅटरी म्हणायचं नाही यावर एकमत होतं. लाइट म्हणावं तर आमच्याकडे लाइट म्हणजे वीज. लाइट गेली म्हटलं की लोक ट्रान्सफॉर्मरच्या डीपीकडे बघतात. शेवटी शेख बाबूंनीच शब्द काढला, 'नेमदिवा'. हलक्या शस्त्राचं पाप त्यांनी असं फेडलं. आदेश निघाला: 'रायफलीवरील साधनास नेमदिवा असे संबोधावे. त्यास कोणीही, कोणत्याही परिस्थितीत, बॅटरी म्हणू नये.' मी डब्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. आदेश कोतच्या दारावर लावला. नवीन आलेली पोरं तो वाचून हसतात. त्यांना हसू द्यावं, पण पाठ करून घ्यावं.

यादी निघाली. राठोडचं नाव शेवटून दुसरं होतं. तो पेढे घेऊन आला तेव्हा मी विचारलं, पाटी? तो म्हणाला, "लावली. पर उलटी ठिवली तवा रंग भिताडाला चिटकला. 'पोलीस' गेलं. आता नुसतं हवालदारच दिसून राहिलं." मी म्हणालो, मुद्द्याचं तेवढंच राहिलं.

माझ्या निवृत्तीच्या आधी आम्ही एकदा टॉवरवर तपासणीला गेलो, कुलथे साहेब आणि मी. गार्डची खोली बिनखिडकीची. आत शिरलो आणि नेमकी लाइट गेली. साहेबांना रजिस्टरवर सही करायची होती, पेन टेबलावरून खाली गडगडला. ते सवयीने म्हणाले, "अरे, बॅट..."

आणि थांबले.

खोलीत राठोडसकट चार जवान होते, चौघांकडे रायफल, चार नेमदिवे. एकही हलला नाही. श्वास तेवढे ऐकू येत होते. मला जाणवलं की साहेब शब्द शोधत आहेत आणि चांगले काळजीपूर्वक शोधत आहेत.

"हवालदार राठोड," शेवटी ते म्हणाले, "तुमच्या गळ्यात जे आहे, ते दाखवा."

जवळा बाजारची बॅटरी लागली. मंद, पिवळट. पेन लगेच सापडला.